धाकट्या भावाच्या जेवणावरून मुंबईत दोन तट पडले, थोरल्याने जालन्याशेजारी अख्खं गाव वसवलं : नारायण शेषाद्रींची गोष्ट

धर्मांतर म्हटलं की मराठी माणसाला दोन-तीन नावं पटकन आठवतात. पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, फार तर बाबा पदमनजी. पण या सगळ्यांच्या आधी एका ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यावरून अशी खळबळ उडाली होती की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांना त्यात आपली प्रतिष्ठा पणाला लावावी लागली. त्या तरुणाचं नाव नारायण शेषाद्री.

आपल्या काळात हे नाव एडिनबरापासून न्यूयॉर्कपर्यंत लोकांना माहीत होतं. आज जालन्यात विचारलं तरी ते सांगणारे थोडेच भेटतील.

तर गोष्ट सुरू होते १८४३ सालात, मुंबईत.

स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी पश्चिम भारतात पाय ठेवला तो मुंबईत नाही, कोकणात. १८२३ साली बाणकोटला त्यांचं पहिलं ठाणं झालं. पुढे हर्णैलाही काम सुरू झालं. १८२७ साली आलेले रॉबर्ट नेस्बिट याच कोकणात मराठी शिकले, आणि इतकं चांगलं शिकले की त्यांचं मराठी ऐकायला लोक थांबायचे. नंतर कामाचं केंद्र मुंबईत हललं. जॉन विल्सन यांनी तिथे शाळा काढली. आजचं विल्सन कॉलेज याच शाळेतून वाढलं.

या शाळेत इंग्रजी शिकायला मिळायचं. कंपनी सरकारची नोकरी हवी तर इंग्रजी हवं, हे गणित मुंबईतल्या घराघरांत पक्कं झालं होतं. त्यामुळे बायबलचा तास असला तरी ब्राह्मण, प्रभू, पारशी घरांतून पोरं तिथे जायची. वडिलांचा हिशोब साधा असायचा. पोरगा इंग्रजी घेईल, बाकीचं कानाआड करेल.

१८३९ साली हा हिशोब पहिल्यांदा चुकला. धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी विल्सन यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज कोर्टात गेला. धनजीभाई स्वतःचा निर्णय घेण्याइतके मोठे आहेत असं कोर्टाने मानलं आणि ते मिशनऱ्यांकडेच राहिले. शाळेतली पोरं भराभर काढून घेतली गेली. पण इंग्रजीची गरज काही संपली नव्हती. काही काळाने वर्ग पुन्हा भरले.

नारायण शेषाद्री याच शाळेत नेस्बिट यांच्या हाताखाली शिकत होते. सप्टेंबर १८४३ मध्ये नेस्बिट यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. नारायण वयाने मोठे होते, त्यामुळे कायद्याने त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं.

खरी आग लागली ती त्यांच्या धाकट्या भावामुळे.

श्रीपती साधारण बारा वर्षांचा होता. मराठी लेखनात त्याचं नाव श्रीपती शेषाद्री परळीकर असंही येतं. थोरल्या भावामागोमाग तोही नेस्बिट यांच्या घरी जाऊन राहिला आणि तिथेच जेवला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण त्या काळच्या हिशोबाने जेवण पुरेसं होतं. ख्रिस्ती माणसाच्या घरचं अन्न पोटात गेलं की जात गेली, मग डोक्यावर पाणी शिंपडलेलं असो वा नसो.

वडिलांच्या बाजूने एकदा विचार करून बघा. एक मुलगा गेला तो गेलाच. आता दुसराही त्याच दारात जाऊन बसलाय आणि तो अजून शेंडीला गाठ मारायला शिकतोय अशा वयाचा आहे. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. याचा साधा अर्थ असा की ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने त्याला कोर्टापुढे आणून उभं करावं.

न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यासमोर हे प्रकरण चाललं. मुलगा मनाने गेलाय का, त्याला धर्म कळतो का, या वादात शिरण्याऐवजी कोर्टाने वय बघितलं. मूल लहान आहे, त्याचा ताबा बापाचा. श्रीपतीला वडिलांकडे देण्यात आलं. चार वर्षांपूर्वी धनजीभाईंच्या बाबतीत जे झालं त्याच्या हे बरोबर उलट होतं. मिशनऱ्यांना तो निकाल अर्थातच आवडला नाही. पण आजच्या कायद्याने बघितलं तरी बारा वर्षांच्या पोराबद्दल वेगळा निकाल लागला असता असं वाटत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पोरगा घरी आला, झालं.

पण घरी घ्यायचा कसा? तो ख्रिस्ती घरात जेवला होता. त्याला पंगतीत बसवलं तर पंगत बाटणार. त्याला घरात ठेवणाऱ्या वडिलांवर बहिष्कार पडणार. वडिलांशी व्यवहार ठेवणाऱ्यांवरही पडणार. म्हणजे कोर्टाने मुलगा परत दिला आणि जातीने तो घ्यायला नकार दिला.

बाळशास्त्री जांभेकर पुढे आले ते इथे. ज्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, जे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, त्यांची विद्वत्ता सनातनी मंडळींनाही मान्य होती. बाळशास्त्रींची भूमिका अशी होती की लहान मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घेण्यात शास्त्राची आडकाठी नाही. दारं बंद ठेवली तर एकदा बाहेर गेलेला माणूस कायमचा मिशनऱ्यांचाच होणार, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी पुढाकार घेतला, लोक जमवले, श्रीपतीला शुद्ध करून घेण्याची खटपट केली.

मुंबईतल्या हिंदूंमध्ये सरळ दोन तट पडले. एकीकडे परत घ्या म्हणणारे, दुसरीकडे घेतलं तर आमचा तुमच्याशी संबंध संपला म्हणणारे. बाळशास्त्रींवर टीकेची झोड उठली, बहिष्काराची टांगती तलवार आली. श्रीपतीला प्रायश्चित्त मिळालं खरं, पण हे भांडण बराच काळ धुमसत राहिलं. बाळशास्त्री १८४६ मध्ये, जेमतेम चौतीस वर्षांचे असताना गेले. त्यांच्या छोट्याशा आयुष्यातल्या मोठ्या लढायांमध्ये ही एक धरली जाते. मराठी पुस्तकांमध्ये हे प्रकरण येतं ते बहुतेक बाळशास्त्रींच्याच चरित्रात. थोरल्या भावाचं पुढे काय झालं, हे तिथे सहसा येत नाही.

थोरला भाऊ

नारायणरावांना परतीची वाट नव्हती आणि त्यांना ती नकोही होती. घर तुटलं, जात तुटली. वारसाहक्काचं म्हणाल तर जात किंवा धर्म सोडणाऱ्याचा वडिलोपार्जित हक्क बुडू नये असा कायदा ब्रिटिश मुलखात १८५० साली आला. म्हणजे त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर सात वर्षांनी.

आणखी एक गंमत. ते ज्या चर्चमध्ये गेले ते चर्च त्याच वर्षी स्वतःच फुटलं होतं. मे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून साडेचारशेहून जास्त पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. भांडण कशावरून? गावच्या चर्चला पाळक कोण हवा हे गावच्या लोकांनी ठरवायचं की तिथल्या जमीनदाराने, यावरून. भारतातले स्कॉटिश मिशनरी सगळे फ्री चर्चकडे गेले. त्याची किंमत म्हणून शाळेची इमारत, पुस्तकं, सामान जुन्या चर्चकडे सोडून त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. नारायणरावांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे गुरूच एका अर्थाने बेघर होते.

या पंथाला प्रेस्बिटेरियन म्हणतात. शब्द ग्रीक आहे आणि मुळाशी अर्थ आहे 'वडील'. इथे बिशप नसतो. मंडळी आपल्यातून वडील निवडते, पाळक आणि वडील मिळून चर्चचा कारभार बघतात, आणि आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसून मोठे निर्णय घेतात. कागदावर तरी सगळे पाळक सारखे. गावच्या पंचायतीची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही रचना समजायला जड नव्हती. फरक एवढाच की इथे पंच कोण होणार हे जातीवरून ठरायचं नव्हतं.

कागदावरचं प्रत्यक्षात यायला वेळ लागला. धनजीभाईंना १८४६ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, नारायणरावांना १८५४ मध्ये. मधली अकरा वर्षं अभ्यास, शिकवणं आणि उपदेश यांत गेली. याच फ्री चर्चच्या शाळेत पुढे बाबा पदमनजी शिकले, ज्यांची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. १८५५ मध्ये नेस्बिट मुंबईत वारले.

नारायणराव मुंबईत राहिले असते तर त्यांचं आयुष्य बरं गेलं असतं. इंग्रजी उत्तम, बोलणं प्रभावी, साहेबलोकांत ओळख. त्यांनी शहर सोडलं. पुणे जिल्ह्यातलं इंदापूर आणि निजामाच्या राज्यातलं जालना ही दोन ठिकाणं त्यांच्या कामाशी जोडली गेली, आणि त्यातलं जालना कायमचं.

जालनाच का?

जालना सोने का पालना, ही म्हण मराठवाड्यात सगळ्यांना पाठ आहे. कुंडलिकेच्या काठचं हे व्यापारी गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होतं. शेजारी लष्कराची छावणी होती. इथून जवळच असईला १८०३ मध्ये मराठे आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली होती, आणि तेव्हापासून या भागात इंग्रजांचा लष्करी वावर होता. छावणी म्हणजे गोरे अधिकारी, थोडंफार संरक्षण, थोडीफार वर्गणी.

पण मुलूख इंग्रजांचा नव्हता. मुंबईत मिशनऱ्याच्या पाठीशी सरकारची सावली आहे असा लोकांचा समज असायचा, तो इथे चालणार नव्हता. मुंबईहून जालन्याला यायचं तर शेवटचा टप्पा बैलगाडीचा. रेल्वे इथे आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर.

१८६०च्या दशकाच्या सुरुवातीला नारायणरावांनी इथे काम उभं केलं. आणि त्यांच्याकडे आलं कोण? मुंबईत मिशनऱ्यांची सगळी धडपड उच्चवर्णीय, इंग्रजी शिकलेल्या तरुणांसाठी होती. एक ब्राह्मण वळला तर हजार वळतील असा त्यांचा कयास. जालन्यात नारायणरावांकडे आले ते मुख्यतः मांग समाजाचे लोक.

गावगाड्यात मांगांची जागा काय होती ते थोडं सांगायला हवं. दोरखंड वळायचे, केरसुण्या बांधायच्या, लग्नाकार्यात हलगी वाजवायची, पडेल ते काम करायचं आणि सुगीला बलुतं मागायचं. घर वेशीबाहेर. पाणी दुसऱ्याने वाढलं तर. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला होता, तो वाचला की त्या काळचं वास्तव अंगावर येतं. इतक्या खालच्या पायरीवर ढकललेल्या लोकांच्या वस्तीत जन्माने ब्राह्मण असलेला माणूस येतो, त्यांच्या घरात बसतो, त्यांच्या हातचं खातो, आणि त्यांच्यासोबत एका मेजावर प्रभुभोजन घेतो.

प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांनी मिळून घेण्याचा ख्रिस्ती विधी. एकच भाकर मोडायची, एकच प्याला हातोहात फिरायचा. आपल्याला आज यात विशेष वाटणार नाही. पण ज्या माणसाचा धाकटा भाऊ नुसत्या परक्या घरच्या जेवणाने बाटला होता आणि त्यावरून मुंबई ढवळून निघाली होती, त्याच्यासाठी हा प्याला साधा नव्हता. मांगाच्या ओठाचा प्याला आपल्या ओठाला लावणं म्हणजे ज्या नियमाने त्याचं घर मोडलं, त्या नियमाच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत जाऊन तो मोडणं.

बाप्तिस्मा घेतल्याने गावातली जागा मात्र बदलत नव्हती, उलट बिघडायची. नवा ख्रिस्ती गावदेवाच्या जत्रेत वाजवायला नकार देणार, मग गाव त्याचं बलुतं बंद करणार. वेशीबाहेरच्या घराचाही भरवसा नाही. धर्म बदलला, पोट आणि छप्पर तेवढंच गेलं. ही अडचण सगळ्याच मिशनांना आली. नारायणरावांनी तिच्यावर काढलेला उपाय मोठा होता. नवं गावच वसवायचं.

त्यासाठी जमीन हवी, आणि जमीन निजाम सरकारची. त्या वेळी हैदराबादचा कारभार पहिले सालारजंग बघत होते. १८५३ पासून १८८३ पर्यंत, तीस वर्षं ते दिवाण होते आणि राज्याचा महसूल, पोलीस, न्याय यांची घडी त्यांनीच बसवली. या मुसलमान दिवाणाने, जन्माने ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पाळकाला, मांग आणि इतर दलितांच्या वस्तीसाठी जालन्याजवळ जमीन दिली. हे वाक्य आजच्या कुठल्याही पक्षाच्या फॉरवर्डमध्ये बसणार नाही, म्हणून मुद्दाम दोनदा वाचा.

गावाला नाव दिलं बेथेल. हिब्रू भाषेत याचा अर्थ देवाचं घर. बायबलमध्ये याकोब उघड्यावर दगडाची उशी करून झोपतो, त्याला स्वर्गापर्यंत गेलेल्या शिडीचं स्वप्न पडतं आणि तो त्या जागेला हे नाव देतो. घर सोडून निघालेल्या माणसाची ती गोष्ट आहे.

बेथेलमध्ये घरं उभी राहिली, शेती सुरू झाली, शाळा आली, चर्च आलं. ज्यांना पिढ्यानपिढ्या वेशीच्या आत घर बांधता आलं नव्हतं, त्यांच्या गावाला आता स्वतःची वेस होती. मिशनच्या वर्तुळात या प्रयोगाचं भरपूर कौतुक झालं.

टीकाही करता येते आणि ती करायला हवी. ख्रिस्ती लोकांचं वेगळं गाव म्हणजे बाकीच्या गावाशी नातं तुटणं. जमीन मिशनच्या नावाने मिळालेली, पाळक हाच कारभारी, म्हणजे पाटलाच्या जागी पाळक आला असंही कुणी म्हणेल. आणि पोटासाठी धर्म घेतला की धर्मासाठी पोटाची सोय केली, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. मला मात्र वाटतं की हा प्रश्न विचारणाऱ्यांनी वेशीबाहेरच्या घरात एक उन्हाळा काढून मग विचारावा.

न्यूयॉर्कमध्येही तेच भांडण

१८७३ साली नारायणराव परदेशी निघाले. जालन्याच्या कामाला मदत हवी होती. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. युरोप-अमेरिकेतले वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांचे पुढारी तिथे जमले होते. त्यात भारतातून आलेले, पागोटं घातलेले, अस्खलित इंग्रजी बोलणारे नारायण शेषाद्री. साहजिकच सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. पागोटं त्यांनी सोडलं नव्हतं. धर्म बदलला म्हणजे वेश बदलायलाच हवा असं त्यांनी मानलं नाही.

आता गंमत बघा. या परिषदेच्या वेळी वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एकत्र प्रभुभोजन घेतलं. त्यात इंग्लंडच्या चर्चचे, कँटरबरीचे डीन सामील झाले. लगेच त्यांच्याच पंथातून बोंब उठली. बिशप नसलेल्या, आपण ज्यांची पाळकदीक्षा मानत नाही अशा लोकांच्या मेजावर डीन बसलेच कसे? काही दिवसांनी अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे बिशप कमिन्स तशाच दुसऱ्या विधीत सहभागी झाले आणि त्यांच्यावरही टीका झाली. प्रकरण इतकं ताणलं गेलं की कमिन्स यांनी आपलं चर्च सोडलं आणि डिसेंबर १८७३ मध्ये वेगळं चर्च काढलं.

कोण कुणाच्या पंगतीला बसला यावरून बहिष्काराची भाषा. तीस वर्षांपूर्वी मुंबईत बाळशास्त्रींनी जे पाहिलं, त्याचीच ही विलायती आवृत्ती.

त्याच वर्षाचं आणखी एक टिपण. न्यूयॉर्कची परिषद भरायच्या जेमतेम आठवडाभर आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. फुलेही शिकले होते स्कॉटिश मिशनच्याच शाळेत, पुण्यातल्या. त्याच साली आलेलं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. एकाच मिशनच्या शाळांमधून निघालेले दोन मराठी तरुण. एकाने ख्रिस्ती होऊन जात सोडली, दुसऱ्याने ख्रिस्ती न होता जातीवर घाव घातला. दोघांच्याही कामाच्या मध्यभागी तीच माणसं होती, वेशीबाहेरची.

अमेरिका आणि स्कॉटलंडचा दौरा करून नारायणराव जालन्याला परतले. कौतुक झालं, मदत मिळाली, पण ते राहिले मराठवाड्यातच. विलायतेहून परत आलेल्या भारतीयाला पुन्हा प्रायश्चित्त घ्यावं लागण्याचे ते दिवस होते. समुद्र ओलांडला की जात जायची. ही काळजी तेवढी नारायणरावांना नव्हती.

त्यांचं निधन १८९१ साली झालं, परदेशाच्या आणखी एका फेरीत, जहाजावर. तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

ज्या फ्री चर्चचे ते पाळक होते, ते १९०० साली दुसऱ्या एका चर्चशी एक झालं आणि १९२९ साली बहुतांशाने पुन्हा त्याच जुन्या चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये गेलं, ज्यातून ते १८४३ साली फुटून निघालं होतं. १९७० साली नागपूरला उत्तर भारतातली अनेक प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. जालन्याचं मिशन हॉस्पिटल लोकांना आज माहीत आहे ते याच चर्चच्या नावाने, सीएनआय हॉस्पिटल म्हणून.